बोरूपासून संतनामावलीपर्यंत

पोप एखाद्या दिवंगत व्यक्तीला संत घोषित करतात, त्याला ‘कॅननायझेशन’ म्हणतात. या भारदस्त शब्दाचं मूळ पाणथळीत उगवणाऱ्या बोरूत आहे.

हिब्रूत बोरूला ‘कानेह’ म्हणत. सरळ, हलका, म्हणून मोजायला सोयीचा. बायबलमधल्या यहेज्केलाच्या दृष्टान्तात मंदिराची मापं अशाच सहा हात लांबीच्या बोरूनं घेतली आहेत. सेमिटिक भाषांतून हा शब्द ग्रीकमध्ये गेला आणि ‘कानोन’ म्हणजे कारागिराची सरळपट्टी झाला. पट्टीवरून पुढं नियम. तोच अरबीत ‘कानून’ होऊन फारसीवाटे आपल्याकडं आला. मराठेशाहीच्या कागदांतली ‘कानू’ आणि आजचं ‘कायदेकानून’ ही त्याच बोरूची पेरं.

ख्रिस्ती परंपरेत या शब्दाला यादीचाही अर्थ आला. बायबलमधल्या अधिकृत पुस्तकांची यादी म्हणजे कॅनन. मिस्सातल्या मुख्य प्रार्थनेचं नावही कॅनन, आणि तिच्यात संतांची नावं घेतली जात. संतांच्या मान्य यादीत नाव घालणं, हा कॅननायझेशनचा अर्थ इथून आला.

आरंभी ही मान्यता रोमहून येत नसे. हुतात्म्याच्या थडग्यापाशी लोक जमत, प्रार्थना करत; तिथला बिशप त्या भक्तीला संमती देई. पोपनं संत घोषित केल्याचं पहिलं ज्ञात उदाहरण ९९३ मधलं, ऑग्सबर्गच्या उलरिख यांचं. १२३४ मध्ये नववे ग्रेगरी यांच्या कायदेसंग्रहानं हा अधिकार पोपकडंच राखला. मग चौकशी आली, साक्षी आल्या, चमत्कारांची छाननी आली. बोरू पुन्हा मोजू लागला.

आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. १६२७ मध्ये त्यांना ‘धन्य’ म्हटलं गेलं आणि संत म्हणून घोषणा झाली ती १८६२ मध्ये. मधली २६५ वर्षं त्यांच्या पुण्याईत काही कमी होतं असं नव्हे. चर्चच्या श्रद्धेनुसार घोषणा कुणाला संत घडवत नाही. झालेल्या संताची ती नोंद असते. म्हणूनच त्या विधीत पोप नाव संतांच्या यादीत लिहीत असल्याचं उच्चारतात.

आपण बोरू म्हणतो तो लेखणीलाही. मोजणाऱ्या बोरूतून निघालेला हा शब्द शेवटी नाव लिहिण्यापाशी पोचतो, हे मराठी कानाला फार ओळखीचं वाटतं.