घोट्याच्या अस्थिबंध दुखापतींचे प्रतिमानिदान

घोटा मुरगळल्यावर हाडे व त्यांना जोडणारे अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, यांना झालेली इजा क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा एमआरआय यांद्वारे ओळखण्याच्या पद्धतीस प्रतिमानिदान म्हणतात. पाऊल आतल्या बाजूस वळल्यास घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणले जातात. त्यांपैकी पुढील टॅलोफिब्युलर अस्थिबंधास सर्वाधिक वेळा इजा होते.

क्ष-किरण
क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. त्यामुळे अस्थिभंग नसला तरी अस्थिबंध शाबूत आहे असे सिद्ध होत नाही. हाडांमधील अंतर वाढलेले असल्यास मात्र अस्थिबंध तुटल्याचा अप्रत्यक्ष पुरावा मिळतो.

क्ष-किरण चित्र केव्हा काढावे, यासाठी १९९२ मध्ये कॅनडात ‘ओटावा नियम’ मांडले गेले. घोट्याजवळ वेदना असून बाहेरील वा आतील उंचवट्याच्या टोकावर किंवा मागील कडेच्या खालच्या ६ सेंमी भागात दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर चित्र काढतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जामसंडे यांसारख्या लहान गावांतून तपासणीसाठी दूर जावे लागत असल्यास हे नियम विशेष उपयुक्त ठरतात.

सोनोग्राफी व एमआरआय
सोनोग्राफीत घोटा हलवत असताना अस्थिबंध पाहता येतो. निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो. एमआरआयमध्ये कूर्चा, स्नायुबंध व हाडांतर्गत सूजही दिसते. साध्या लचकेत एमआरआयची तातडीने गरज नसते. काही आठवड्यांच्या उपचारांनंतरही वेदना किंवा अस्थिरता राहिल्यास ते करतात. सूज ओसरल्यावर, ४ ते ५ दिवसांनी पुन्हा केलेली शारीरिक तपासणी पहिल्या दिवशीच्या तपासणीपेक्षा अधिक विश्वसनीय असते.