बीडच्या रुग्णाचा पहिला डॉक्टर

बीड जिल्ह्यात आजारी माणूस आधी कोणाकडे जातो, याचे उत्तर शंभर वर्षांत अनेकदा बदलले. निजामी अमलात ते वैद्य किंवा हकीम असे होते. वैद्य गावातला किंवा शेजारच्या गावचा. घरात कोणाला दमा, कोणाला मूळव्याध, कोणत्या सुनेचे बाळंतपण अवघड गेले, हे त्याला न सांगता ठाऊक असे. पटकी, देवी, प्लेग यांपुढे त्याचे काही चालत नसे, हेही तितकेच खरे. तरी ‘हाताला गुण आहे’ हे शब्द ओळखीच्या माणसासाठीच वापरले जात.

सरकारी दवाखाना आला तेव्हा पहिली अडचण भाषेची होती. हैदराबाद संस्थानाची राज्यभाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. ‘पोटात कळ येते’, ‘अंग मोडून येतं’ हे दुखणे मराठीत सांगितले जाई, पण दप्तराची भाषा दुसरी होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि ही अडचण मागे पडली. तिची जागा दुसरीने घेतली: डॉक्टर गावात न टिकण्याची अडचण.

देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये सुरुवातीला 40,000 लोकांमागे एक आरोग्य केंद्र सुचवले होते. 1952 पासून समूह विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ती त्यांच्याकडे गेली. त्या काळच्या दवाखान्याची आठवण म्हणजे घरून न्यायची रिकामी बाटली. कंपाउंडर तीत लालसर मिक्श्चर ओतायचा आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्याला डोस कळावा म्हणून काढलेली ही युक्ती आजच्या छापील चिठ्ठीपेक्षा रुग्णाच्या अधिक जवळची होती.

डॉक्टर मात्र टिकेना. बदली, रिकामे पद, पुढे बंधपत्राच्या एका वर्षासाठी आलेला तरुण एमबीबीएस, असे चक्र चालू राहिले. म्हातारीने जुने केस पेपर पिशवीतून काढावेत, नव्या डॉक्टरने ते न पाहता गोळ्या लिहाव्यात आणि तिने बाहेर येऊन ‘हात लावून बघितलंसुद्धा नाही’ म्हणावे, ही तक्रार खेड्यापाड्यांत सर्रास ऐकू येते. तिचा रोख त्या एका डॉक्टरपेक्षा व्यवस्थेवर आहे. दारात शंभर माणसे बसलेली असताना एका रुग्णाला मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. 1974 मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मोठ्या आजाराला त्याचा आधार झाला, पण गावातली पहिली खुर्ची त्याने भरली नाही. तिथे खासगी दवाखाना, सुई आणि सलाईन आले.

बीडमध्ये डॉक्टर बदलतो तसा रुग्णही जागेवर राहत नाही. दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे हे सगळे अंगावर काढले जाते. परत आल्यावर बाई जिथे जाते तिथला डॉक्टर तिला प्रथमच पाहत असतो. ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेक बायकांनी सांगितले आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले; त्यांतील 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे सहा जणींमागे एकीची. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. दुखण्याची सुरुवातीलाच नीट तपासणी झाली असती तर यांतल्या कितीतरी टळल्या असत्या. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला.

वेगळी वाट जिल्ह्याच्या सीमेलगतच होती. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 पासून गावातल्याच बायकांना, त्यांत निरक्षरही होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉक्टर आला-गेला तरी ती बाई गावात राहते, हा त्यामागचा साधा विचार होता. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्तीसुद्धा त्याच गावची रहिवासी असावी लागते. पण गावातली आशा फडावर जात नाही. तिच्या वहीतली नोंद ऊसतोड बाईबरोबर कारखान्याच्या गावापर्यंत गेली पाहिजे आणि तिथल्या डॉक्टरने ती वाचली पाहिजे.