जत्रा, जादूघर आणि प्रदर्शन: सावंतवाडी मुलखातील चित्रदर्शनाचा इतिहास

सावंतवाडी आणि बांदा यांच्या दरम्यान मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले इन्सुली हे गाव पूर्वी सावंतवाडी संस्थानात, म्हणजे सावंत-भोसले घराण्याच्या मुलखात मोडत होते. चित्र पाहण्यासाठी माणसांनी गर्दी करण्याची या मुलखातील चाल संग्रहालयापेक्षा पुष्कळ जुनी असून तिची सुरुवात देवळाच्या सभामंडपात शोधावी लागते. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी, म्हणजे रामायण-महाभारतातील एखादे आख्यान कागदावरील चित्रे दाखवीत गाऊन सांगण्याची परंपरा, ही या चालीची सर्वांत ठळक खूण होय. एका आख्यानाच्या चित्रसंचाला पोथी म्हणतात. तिच्यातील चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत, आणि कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर उभे धरून वीणा, टाळ आणि हुडूक, म्हणजे डमरूच्या घाटाचे लहान चर्मवाद्य, यांच्या साथीने कथा पुढे नेत असे. या व्यवस्थेत प्रेक्षक एका जागी बसलेला असे आणि चित्र त्याच्यापुढे येई. ते किती वेळ दिसावे हे कथेच्या लयीवर ठरे, आणि चितारणाऱ्याचे नाव विचारण्याचे कोणाला कारण नव्हते.

सावंतवाडीच्या गंजिफांचे पाहणाऱ्याशी असलेले नाते तर याहूनही जवळचे होते. गंजिफा म्हणजे लाखेचा लेप दिलेले, हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यांतील दशावतारी संचात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, वजीर आणि एक ते दहा अंकांची पाने, अशी एकूण 120 पाने असतात. ही चित्रे बोटांत धरून, टाकून आणि उचलून पाहण्याची होती, आणि आज त्यांचे जुने संच काचेआड ठेवून वर हात न लावण्याची सूचना टांगली जाते, यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही चित्रे आणि वस्तू काचेआड जाण्याची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक प्रदर्शनांपासून सुरू झाली. 1851 मध्ये लंडनला आणि 1855 मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनांसाठी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील कच्चा माल आणि हस्तव्यवसायाचे नमुने गोळा केले, आणि त्याच खटाटोपातून मुंबईच्या किल्ल्यात एक सरकारी संग्रह उभा राहिला. मात्र 1857 च्या धामधुमीत ती जागा सैन्याला हवी झाली आणि संग्रहाची वाताहत झाली. पुढे नव्या संग्रहालयासाठी वर्गणी जमवण्याच्या कामात जॉर्ज बर्डवूड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेतला. भाऊ दाजींचे जन्मगाव मांद्रे, जुन्या लेखनातील मांजरे, हे पेडणे महालात, म्हणजे बांद्यावरून वाहत जाणाऱ्या तेरेखोल नदीच्या पलीकडील मुलखात येते, आणि हा महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीच्याच ताब्यात होता. सबब मुंबईतील पहिल्या मोठ्या संग्रहालयाच्या मुळाशी असलेली ही व्यक्ती इन्सुलीकरांच्या दृष्टीने नदीपलीकडचीच म्हटली पाहिजे, जरी या भागात तिची ओळख प्राचीन लिपी वाचणारा पंडित आणि कुष्ठरोगावर औषध शोधणारा डॉक्टर अशीच अधिक असली तरी.

या नव्या संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसवली, 1865 च्या शेअरबाजारातील पडझडीनंतर वर्गणीचा ओघ आटल्यामुळे पुढील काम सरकारला हाती घ्यावे लागले, आणि 2 मे 1872 रोजी भायखळ्याच्या राणीच्या बागेत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी खुले झाले. सामान्य लोकांनी त्याला अजबखाना किंवा जादूघर म्हटले, आणि विद्वानांनी घडवलेल्या ‘वस्तुसंग्रहालय’ या शब्दापेक्षा हीच नावे त्या अनुभवाशी प्रामाणिक होती. भायखळा-परळचा परिसर गिरण्यांनी भरत गेला तसतसे रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे चाकरमानी, म्हणजे पोटासाठी मुंबईत राहिलेले कोकणी लोक, तेथे मोठ्या संख्येने वस्तीस आले, आणि बागेतील जनावरांबरोबर जादूघर पाहणे हा सुट्टीच्या दिवसाचा, तसेच गावाहून आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवण्याचा, ठरलेला भाग होऊन बसला. येथे चित्र स्थिर होते आणि प्रेक्षक चालत होता. सांगणारा कथेकरी जाऊन त्याच्या जागी लहान अक्षरांतील चिठ्ठी आली होती, जी पुष्कळांना वाचता येत नव्हती. 1 नोव्हेंबर 1975 रोजी या संस्थेला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

विशेष प्रदर्शन, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी आणि बहुधा इतर संस्थांकडून उसन्या आणलेल्या वस्तूंचे प्रदर्शन, हा प्रकार महाराष्ट्रात रुळला तो बराच पुढे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर 2017 ते फेब्रुवारी 2018 या काळात, ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने, ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे नऊ भागांचे आणि दोनशेहून अधिक वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. एरवी ज्या संग्रहालयात मनुष्य वर्षानुवर्षे ‘जाऊ कधीतरी’ म्हणतो, त्याच्याच दाराशी अशा वेळी रांग लागते, आणि याचे कारण कोकणातील माणसाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही: गावची माऊली बारा महिने देवळातच असते, परंतु गर्दी होते ती जत्रेच्या तिथीला. कायमचा संग्रह ही नित्यपूजा असेल तर विशेष प्रदर्शन ही जत्रा होय; मुदत संपणार हेच तिचे आकर्षण असते, आणि गर्दीमुळे वस्तू नीट पाहता आली नाही ही तक्रारही दोन्हीकडे सारखीच ऐकू येते.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो सावंतवाडीच्याच माणसाने निर्माण केलेला आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म 1882 मध्ये सावंतवाडीत झाला. चित्रकलेचे आरंभीचे धडे तेथेच घेऊन ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, 1908 मध्ये त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली आणि 1918 मध्ये सहकाऱ्यांसह आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. स्वतःच्या कन्येला समोर उभे करून त्यांनी 1945 च्या सुमारास रंगवलेले, हातातील दिव्याची ज्योत दुसऱ्या हाताने झाकणाऱ्या स्त्रीचे चित्र ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाते आणि म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. ते जलरंगात आहे, आणि जलरंगात उजेड दाखवायचा म्हणजे कागदाचा पांढरेपणा आधीच राखून ठेवावा लागतो, चुकलेला भाग तैलरंगाप्रमाणे झाकता येत नाही. बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस प्रकाश पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. चित्र अंधाऱ्या खोलीत ठेवलेले असून, मुदत किंवा तिथी नसतानाही त्याच्यासमोर माणसांची दाटी असते. अंधार, दिव्याचा उजेड आणि समोर दाटलेली माणसे ही मांडणी देवळातील चित्रकथीची आठवण करून देते.

या दाटीतील अनेक जण आजही ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात, वास्तविक रविवर्म्याचे निधन 1906 मध्ये, म्हणजे हे चित्र रंगवले जाण्याच्या सुमारे चार दशके आधी झाले होते. इन्सुली-बांद्याकडील कोणी त्या खोलीत गेल्यास त्याने शेजारी उभ्या असलेल्याला चित्रकाराचे नाव आणि गाव अवश्य सांगावे.