प्लाझ्मा-प्रक्रियित पाणी : जैविक व पर्यावरणीय सुरक्षितता

हवेत किंवा अन्य वायूत उच्च विद्युतदाबाने निर्माण केलेल्या शीत प्लाझ्माचा संस्कार झालेले पाणी. ते बियाण्यांवर आणि भाजीपाल्याच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरून पाहिले जाते. हवेतील विद्युतविसर्गामुळे पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट व नायट्रेट तयार होतात; ऊर्ध्वपातित पाण्याचा पीएच बहुधा ३ च्या आसपास उतरतो. हवेतील ठिणग्यांपासून नायट्रिक आम्ल बनते, हे हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्येच दाखवले होते.

जैविक परिणाम : आम्लधर्मी पाण्यात नायट्राइट व पेरॉक्साइड यांच्या संयोगाने पेरॉक्सिनायट्रस आम्ल बनते. ते क्षणजीवी असले तरी जंतुनाशाचा मोठा वाटा त्याचाच मानतात. जंतूंना मारणारी हीच द्रव्ये मात्रा वाढल्यास प्राणिपेशींनाही इजा करतात. पेशींतील कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे विघटन करते. पेशीसंवर्धनाच्या माध्यमातील पायरुव्हेटही पेरॉक्साइड निकामी करते. त्यामुळे माध्यमातील घटक न सांगता दिलेला ‘निर्विष’ हा निष्कर्ष अपुरा ठरतो. साठवणुकीतही पाणी बदलते : −२० अंश सेल्सियसला गोठवल्यावरही नायट्राइट घटत राहते, −८० अंशांना ते बरेच टिकते. म्हणून चाचणी वापराच्या वेळच्या पाण्याची व्हावी.

पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटसाठी ५० व नायट्राइटसाठी ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मार्गदर्शक मूल्ये दिली आहेत. नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा ४५ आहे. प्लाझ्मा-प्रक्रियित पाणी ही मूल्ये सहज ओलांडू शकते. बाटलीने दूध पिणाऱ्या अर्भकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते. हे पाणी पिण्याचे नव्हे.

पर्यावरण : ‘अवशेष राहत नाहीत’ हा दावा पेरॉक्साइड व ओझोन यांच्यापुरता खरा आहे, नायट्रेट मागे उरते. पिकाला ते खत ठरते, पण वाहून तळ्यात गेल्यास शैवालवाढीला हातभार लावते. पाण्याखाली विसर्ग घडवल्यास विद्युतअग्रे झिजतात व त्यांचा धातू पाण्यात मिसळतो. तांब्याचे अल्प प्रमाणही जलचरांना घातक असते. ब्रोमाइडयुक्त नळाच्या पाण्यात ओझोनमुळे ब्रोमेट बनू शकते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मूल्य १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे.

मृदेतील सूक्ष्मजीव : परिणाम मात्रेनुसार बदलतो.

हाताळणी : विसर्गातून ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे हवेतही मिसळतात, यंत्राजवळ वायुवीजन आवश्यक.