वस्तरा फिरल्यानंतरची त्वचा : बोईसर-तारापूर पट्ट्यातील क्षौराचा इतिहास

क्षौराच्या इतिहासात हत्यारांविषयी, न्हाव्याच्या सामाजिक स्थानाविषयी आणि मुंडणाच्या धार्मिक विधींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र वस्तरा फिरल्यानंतर त्या कातडीचे काय होते आणि ती सुखरूप राहावी म्हणून कारागिराने काय काय केले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. आज पालघर जिल्ह्यात मोडणारा बोईसर, तारापूर आणि चिंचणी हा पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण बलुत्याची जुनी रीत, रेल्वेस्थानकाभोवतीचे दुकान आणि कारखान्याच्या पाळीसाठी रोज करावी लागणारी दाढी या तिन्ही अवस्था येथे दीड शतकाच्या आत एकामागून एक आल्या आणि प्रत्येक अवस्थेत कातडीची काळजी घेण्याची जबाबदारी वेगळ्या माणसावर पडली.

दाढीनंतर उठणाऱ्या पुटकुळ्या सगळ्या एकाच जातीच्या नसतात, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. केस ज्या सूक्ष्म खळग्यातून उगवतो त्याला केशकूप म्हणतात; त्यात जंतू शिरून पू धरला की मराठीत ज्याला केसतूड म्हणतात तो फोड होतो. याहून निराळा प्रकार असा, की वळणदार केस तिरका कापला गेला म्हणजे त्याचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार होते, वाढताना ते वळून पुन्हा कातडीत घुसते किंवा कापलेला केस आत ओढला जाऊन कूपाची भिंतच आतून भेदतो, आणि शरीर त्या केसाला परका पदार्थ समजून भोवती सूज आणते. वैद्यकात या दुसऱ्या विकाराला स्यूडोफॉलिक्युलायटिस म्हणतात. जंतूंमुळे होणाऱ्या विकाराचा तो केवळ आभास असतो, म्हणून हे नाव. पहिल्या विकारावर स्वच्छतेचा उपाय चालतो. दुसऱ्यावर कितीही स्वच्छता पुरी पडत नाही, कारण तेथे दोष केस फार खोलवर कापण्याचा असतो.

प्राचीन वैद्यकाने हा भेद अशा शब्दांत मांडलेला नाही, तरी क्षौरात किती अंतर ठेवावे याविषयी त्याचे मत निश्चित होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केस, दाढी, अंगावरील लव आणि नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत असे सांगितले आहे. म्हणजे साधारण पाच दिवसांनी एकदा. पुढे लोकाचारात क्षौराला वर्ज्य असलेले वार आणि तिथी यांची भर पडली. त्यामागचा हेतू धार्मिक असला, तरी दोन क्षौरांमध्ये कातडीला काही दिवस विसावा मिळे आणि केसाचे टोक पुन्हा आत वळण्याआधीच पुरेसे बाहेर येई, हा त्याचा प्रत्यक्ष परिणाम नाकारता येत नाही.

गावगाड्यात हे काम न्हाव्याचे, म्हणजेच नाभिकाचे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात देशावरच्या बलुतेदारांच्या कामाचे जे वर्णन आहे, त्यातली घट्ट वीण उत्तर कोकणात तितकीशी दिसत नाही. तथापि वर्षाकाठी धान्य घेऊन ठरलेल्या घरांची क्षौरे करण्याची पद्धत कोकणपट्टीतही होती. पोर्तुगीजांच्या ताब्यातील तारापूरचा किल्ला 1739 च्या जानेवारीत मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजी अंमल आला, 1860 नंतरच्या दशकात मुंबईहून गुजरातकडे जाणारी आगगाडी या पट्ट्यातून धावू लागली. राज्ये बदलली तरी न्हाव्याची धोकटी बदलली नाही. धोकटी म्हणजे हत्यारांची चामडी पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नऱ्हाणी, धार लावण्याचा गुळगुळीत दगड, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी, आरसा आणि तुरटीचा खडा एवढा सरंजाम असे.

या सरंजामातील सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटीतले पाणी ही होय. साबणाचा फेस सर्वत्र पोहोचण्याआधी न्हावी समोर उकिडवा बसून ओल्या बोटांनी गाल आणि हनुवटी कितीतरी वेळ चोळीत असे. पाणी शोषून केस फुगतो आणि मऊ पडतो, त्यामुळे धारेला तो ओढावा लागत नाही, आणि ओढ बसली नाही म्हणजे कातडीही सोलवटत नाही. बिनपाण्याने हजामत करणे हा छळाचा वाक्प्रचार मराठीत रुजला तो याच अनुभवातून. त्यानंतर वस्तरा आधी दगडावर, मग पट्ट्यावर आणि शेवटी कित्येकदा स्वतःच्या तळहातावर फिरवून न्हावी धार पाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी बेताची धरून पहिला हात केसांच्या कलाने, म्हणजे वरून खाली दिला जाई. गुळगुळीतपणा हवा असलेल्या गिऱ्हाइकासाठी दुसरा हात उलटा, म्हणजे केसांच्या कलाविरुद्ध, आणि कातडी अधिक ताणून दिला जाई. पुटकुळ्यांचे मूळ बहुतांशी या दुसऱ्या हातात असते, कारण ताणलेली कातडी सोडताच कापलेला केस तिच्या पातळीखाली जातो आणि तेथून बाहेरची वाट शोधताना भरकटतो. मानेवर केसांची दिशा जागोजाग बदलते. जाणता कारागीर बोट फिरवून ती आधी चाचपून घेई, आणि हे ज्ञान बापाच्या हाताखाली बसूनच मुलाकडे येई.

सर्वांत शेवटी तुरटी. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे सल्फेट असलेला हा पारदर्शक खडा ओल्या गालावर फिरवला की त्वचेवरील प्रथिने आकसतात, बारीक कापांतून येणारे रक्त थांबते आणि जंतूंच्या वाढीलाही काहीसा आळा बसतो. दमट हवा, बारमाही घाम आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचे मचूळ पाणी असलेल्या भागात या खड्याचे मोल मोठे होते. मात्र तुरटीचा गुण अतिरेकाने सांगू नये. एकच वस्तरा साऱ्या आळीवर फिरत असे, आणि तो साध्या पाण्यात बुचकळून पुसला जात असे, तेव्हा दाढीतील नायटा किंवा पू धरणारे फोड एका गालावरून दुसऱ्या गालावर जाणे अटळ होते. अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्याने 1880 च्या सुमारास पुवाळलेल्या गळवांतील द्राक्षाच्या घडासारखे दिसणारे जंतू ओळखून त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. तोवर अशा पुवाळणाऱ्या फोडांचे कारण वैद्यांनाही नीटसे ठाऊक नव्हते, त्यामुळे दोष न्हाव्याचा मानणे अन्यायाचे ठरेल. गळवे फोडणे आणि तुंबडी लावून रक्त काढणे ही कामेही त्याच्याच हाती असत. कातडीचा आजार आणि त्यावरचा उपचार असे दोन्ही एकाच धोकटीत नांदत होते.

वस्तऱ्याशिवाय केस काढण्याची परंपराही जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जखमांवरील साठ उपक्रमांमध्ये रोमशातन, म्हणजे लव झडवणे, हा एक उपक्रम दिला असून त्यासाठी शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग आंबवलेल्या द्रवात वाटून लावण्यास सांगितले आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. जखमेभोवतीचे केस वस्तऱ्याशिवाय विरघळवूनही काढता येतात, ही कल्पना किती दूरदृष्टीची होती ते पुढे दिसेल. शंख किंवा शिंपले भाजल्यावर जो चुना मिळतो त्याचा गंधकयुक्त हरताळाशी संयोग झाला की तयार होणारी तीव्र अल्कधर्मी संयुगे केसातील केराटिन या प्रथिनाचे बंध तोडतात. तुर्कस्तानातील हमामखान्यांत वापरला जाणारा रुस्मा हा लेपही चुना आणि हरताळ यांचाच होता. पुढे आर्सेनिकाची जागा बेरियम सल्फाइडच्या भुकटीने आणि मग थायोग्लायकोलेटयुक्त मलमांनी घेतली. विष गेले, पण तत्त्व तेच राहिले, आणि म्हणून मलम ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक राहिले तर केसाबरोबर कातडीही भाजते.

घरातील बायकांच्या हाती याहून सौम्य साधने होती. तान्ह्या बाळाच्या पाठीवर आणि कपाळावर कणकेचा तेल लावलेला गोळा हलके फिरवून लव काढायची, डाळीचे पीठ आणि हळद यांचे उटणे चोळायचे, ही मराठी घरांतील नित्याची रीत. त्यात केस मुळापासून फारसा निघत नाही, पण इजाही होत नाही. सक्तीच्या वस्तऱ्याचा प्रसंग मात्र काही स्त्रियांवर आयुष्यभर येत राहिला. विधवेचे केशवपन एकदा करून संपत नसे. केस वाढले की पुन्हा न्हावी येई, आणि त्या डोक्यावरच्या जखमा आणि पुळ्या यांची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी 1890 मध्ये एकत्र येऊन हे काम करण्यास नकार दिला. कारागिराने आपला वस्तरा कोणाच्या अंगाला लावावा हे स्वतः ठरवल्याचे हे उदाहरण या व्यवसायाच्या इतिहासात सर्वांत उंच स्थानी ठेवले पाहिजे.

बोईसरचे रूप पालटले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले, देशातील पहिले व्यापारी अणुविद्युत केंद्र तारापूर येथे 1969 मध्ये वीज देऊ लागले, आणि त्यानंतर तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहत गेले. परगावचे कामगार आले, त्यांच्याबरोबर परप्रांतीय कारागीरही आले, आणि स्थानकाबाहेरील व नाक्यांवरील दुकानांत धान्याऐवजी रोख पैशांवर दाढी होऊ लागली. विषारी वायूपासून रक्षण करणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क ज्यांना वापरावा लागतो त्यांच्या बाबतीत दाढी ही केवळ हौस उरत नाही. कडेखाली खुंट राहिले तर फट पडते आणि दूषित हवा आत शिरते. अशा कामगाराला रोज दाढी करणे भाग असते, आणि ज्याचे केस वळणदार आहेत त्याच्या मानेला पाच दिवसांचा जुना विसावा मिळत नाही. त्यावर पुन्हा मास्कच्या रबरी कडेचा दाब आणि आतला घाम.

घरगुती दाढीची साधनेही याच काळात अधिकाधिक खोल कापू लागली. जिलेटचा सुरक्षित वस्तरा 1903 मध्ये विक्रीस आला तेव्हा त्यात एकच पाते होते. 1971 मध्ये दोन पात्यांचा वस्तरा आला, ज्यात पहिले पाते केस उचलते आणि दुसरे तो कातडीच्या पातळीखाली कापते. गुळगुळीत गालाची ही युक्ती पुटकुळ्या होणाऱ्यांच्या मुळावर आली. जॉन स्ट्रॉस आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी 1956 मध्येच दाढीतील या विकाराची मीमांसा करून पुन्हा आत शिरणारा केस हेच त्याचे कारण असल्याचे दाखवले होते. आजचे त्वचारोगतज्ज्ञ त्यावर जे सांगतात ते असे : सूज असेपर्यंत वस्तरा बंद ठेवावा, कोमट पाण्याने केस भिजवावेत, एकाच पात्याने केसांच्या कलाने आणि कातडी न ताणता हात द्यावा, किंवा यंत्राने केस मिलिमीटरभर राखून कापावेत, आणि आत वळलेला केस उपटू नये, केवळ सोडवून घ्यावा. यातला पहिला हात न्हाव्याला पूर्वीपासून ठाऊक होता. उलटा हात गिऱ्हाइकाच्या आग्रहाने आला होता.

रुग्णालयांतही वस्तऱ्याबाबत असाच पुनर्विचार झाला. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे अंग भादरण्याचे काम सरकारी रुग्णालयांत न्हाव्याकडे असे. अमेरिकेत 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वस्तऱ्याने भादरलेल्या रुग्णांपैकी 5.6 टक्क्यांच्या जखमा चिघळल्या, तर केस न काढलेल्या किंवा मलमाने काढलेल्यांत हे प्रमाण 0.6 टक्के भरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी वस्तरा मुळीच वापरू नये, अगदी गरज असेल तेव्हाच यंत्राने केस आखूड करावेत, असे सांगितले. सुश्रुताच्या रोमशातनाचे मोल येथे उमगते.

दुकानातील संसर्गाचा प्रश्न निराळ्या भीतीने सुटला. एड्सविषयीची जागृती 1990 नंतर गावोगाव पोहोचली, तसा पिढीजात पोलादी वस्तरा मागे पडून पाते बदलता येणारा वस्तरा रूढ झाला. कागदी वेष्टनातले पाते वेष्टनासकट दुमडून मोडायचे, गिऱ्हाइकाच्या देखत अर्धे पाते खाचेत बसवायचे आणि दाढी संपताच टाकून द्यायचे, ही कृती आता बोईसरच्या लहानशा दुकानातही नेहमीची आहे. धार लावण्याचा दगड आणि पट्टा तिच्यामुळे निरुपयोगी झाले, आणि त्यांबरोबर धार जोखण्याचे तळहाताचे ज्ञानही. हा तोटा सोसण्याजोगा होता. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर 28 जून 2020 पासून राज्यातील केशकर्तनालये उघडली तेव्हा केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग यांना मुभा मिळाली, परंतु त्वचेशी संबंधित सेवा वर्ज्य राहिल्या, म्हणजे दाढी बंदच होती. त्या काळात अनेकांनी घरी यंत्र विकत घेतले आणि खुंट राखून दाढी करण्याची सवय लावून घेतली. दुकाने पूर्ववत झाली तरी ती सवय पुष्कळांनी सोडलेली नाही, आणि नाक्यावरचा कारागीरही मानेवर लाल पुळ्या दिसल्या की उलटा हात न देता यंत्र हातात घेतो, वर तुरटीचा खडा फिरवतो.