अंगण, कुरण आणि शाळा : ताराबाई मोडक यांच्या ग्रामीण बालशिक्षणाची वाटचाल

भारतातील बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाई मोडक (1892-1973) यांचे नाव ‘अंगणवाडी’ या शब्दाशी कायमचे जोडले गेले आहे. तथापि, या शब्दामागील शैक्षणिक विचार कोणत्या परिस्थितीत आकारास आला आणि शासकीय योजनेत त्याचे काय झाले, हा प्रश्न स्वतंत्र विवेचनाची अपेक्षा करतो.

मुंबईतील प्रार्थनासमाजी कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई 1914 साली पदवीधर झाल्या. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांनी काम केले. प्रतिष्ठेचे हे पद सोडून 1923 साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सहभागी झाल्या. गिजुभाईंनी तेथे 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले होते. माँटेसोरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा जो प्रयत्न तेथे झाला, त्यातून 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. मराठी भाषकांच्या बालशिक्षणाचा हा प्रवाह अशा रीतीने गुजराती भूमीत उगम पावला, ही गोष्ट प्रांतवार लिहिल्या जाणाऱ्या शिक्षणेतिहासात बहुधा निसटून जाते.

1936 साली दादर येथे ‘शिशुविहार’ सुरू झाला. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोयही झाली. परंतु या शिक्षणाचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गासच मिळत होता. माँटेसोरी साधने महाग होती आणि खेड्यातील गरीब मुलांपर्यंत ती पोहोचणे अशक्य होते. ही मर्यादा ओळखून ताराबाईंनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातील (2014 पासून पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालवयात वैधव्य आलेल्या आणि पुढे शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ (1910-1992) याच वर्षी त्यांच्या सहकारी झाल्या. याच वर्षी याच परिसरात वेठबिगारी व लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध वारली आदिवासींचा लढा उभा राहिला होता. ज्या समाजाचे श्रमच गहाण पडलेले होते, त्याच्या मुलांना शाळेत बोलावणे किती अवघड होते, याची कल्पना या पार्श्वभूमीवरून येते.

बोर्डीत प्रथमच एक साधे सत्य समोर आले. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतातच असे नाही. गावातील दलित वस्तीची मुले मध्यवर्ती बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि घरांपुढील अंगणात वर्ग भरू लागला. मुलांना न्हाऊ-माखू घालणे हाही त्या वर्गाचाच भाग होता. शंखशिंपले, खडे, बिया, पाने ही तेथील शिक्षणसाधने झाली. यात केवळ काटकसर नव्हती. मुलाच्या हाताला परिचित असलेल्या वस्तूतूनच इंद्रियशिक्षण साधते, ही शास्त्रीय दृष्टी त्यामागे होती.

1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथील आदिवासी मुलांसमोर अडचण आणखी वेगळी होती. थोरली मुले गुरे राखीत, तर काही जण धाकट्या भावंडांना सांभाळीत. गुरे राखणाऱ्यांसाठी शिक्षक चराईच्या जागी जाऊ लागले, हीच ‘कुरणशाळा’. भावंडांमुळे अडकलेल्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. गैरहजेरी हा मुलाचा दोष न मानता शाळेच्या रचनेतील उणीव मानणे, हे या सर्व प्रयोगांचे समान सूत्र होय. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण आणि अनुताईंना 1984 साली पद्मश्री हा सन्मान लाभला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. मराठी प्रदेशाच्या एका कोपऱ्यात रूढ झालेला शब्द त्यामुळे देशभर पोहोचला. मात्र योजनेतील सहा सेवांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सेवांच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक सेवा राहिली. कुपोषणाची तीव्रता पाहता आहाराला मिळालेले प्राधान्य समर्थनीयच आहे. परंतु बोर्डीत अंगण ही शिक्षणाची जागा होती, आणि स्वच्छता व आरोग्य हे त्या शिक्षणाचेच अंग होते. योजनेत हा क्रम उलटला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षे वयोगटाला शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात स्थान दिल्याने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे.

ताराबाईंच्या कार्याचे मोल संस्थांच्या संख्येवरून ठरत नाही. शाळेने मुलाकडे जावे, त्याच्या कामाच्या वेळा व घरची अडचण जाणून घ्यावी आणि त्यानुसार आपले रूप बदलावे, ही भूमिका त्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखविली. अंगणवाडी हे नाव राष्ट्राने स्वीकारले. त्या नावामागील ही भूमिका कितपत स्वीकारली गेली, या कसोटीवरच दुर्गम भागातील बालशिक्षणाचे मूल्यमापन व्हावयास हवे.