हायड्रोजन मोटार आणि बॅटरी मोटार, नवी मुंबई

रोजच्या वापराच्या खासगी मोटारीसाठी पेट्रोल आणि सीएनजी यांना असलेले दोन विजेरी पर्याय. दोन्हींत चाक फिरते ते विजेनेच. वीज येते कुठून, एवढाच फरक. बॅटरी मोटारीत ती बाहेरून भरून ठेवलेली असते. हायड्रोजन मोटारीत टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन इंधन घटात एकत्र येतात, वीज चालता चालता तयार होते आणि मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी पडते. दोन्ही नावे जोडीने घेतली जात असल्याने ही बरोबरीची झुंज वाटते. नवी मुंबईत ती तशी नाही. बॅटरीच्या गाड्या सोसायट्यांच्या तळमजल्यावर उभ्या आहेत, तर हायड्रोजन मोटार विकत मिळत नाही आणि ती भरायला सार्वजनिक पंपही नाही.

महाराष्ट्रातला या विषयातला महत्त्वाचा प्रयोग पुण्याचा. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी देशात विकसित केलेल्या इंधन घटावर चालणाऱ्या नमुना मोटारीची चाचणी घेतली. गंमत अशी, की हा घट बसवला होता तो एका बॅटरी मोटारीतच. टाकीत सुमारे पावणेदोन किलो हायड्रोजन ३५० बार दाबाने भरायचा आणि ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने सुमारे २५० किलोमीटर जायचे, असा अंदाज होता. ऑगस्ट २०२२ मध्ये याच जोडीने पुण्यात पुढचे वाहन दाखवले, ती मात्र बस होती. त्याआधी मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’तून संसदेत गेले आणि हायड्रोजन मोटार घरोघरी टीव्हीवर दिसली. जपानी भाषेत मिराई म्हणजे भविष्यकाळ. तिच्या तीन टाक्यांत मिळून ५.६ किलो हायड्रोजन ७०० बार दाबाने मावतो, पाचेक मिनिटांत भरतो आणि सुमारे ६५० किलोमीटर पुरतो.

या पाच मिनिटांचे मोल नवी मुंबईकराला वेगळे सांगायला नको. सीएनजी पंपावरची रांग, गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरणे, ‘प्रेशर कमी आहे’ हे पंपावरच्या पोऱ्याचे उत्तर आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट हे सगळे इथल्या चालकाच्या अंगवळणी पडले आहे. मात्र सीएनजीचा दाब २०० बारच्या आसपास असतो. मिराईच्या टाकीत तो साडेतीनपट. एवढ्या दाबासाठी कार्बन तंतूंची महागडी टाकी लागते आणि पंपावर वायू दाबून, थंड करून देणारी यंत्रणा लागते. अशा पंपाचा खर्च थोड्याशा गाड्यांतून निघत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप २०२४ च्या सुरुवातीला बंद केले, तेव्हा गाडी घेऊन बसलेल्यांची पंचाईत झाली.

खरा निकाल लागतो तो युनिटांच्या हिशेबात. पाण्याचे विद्युत अपघटन करून एक किलो हायड्रोजन काढायचा आणि टाकीत दाबायचा तर ढोबळमानाने साठ युनिटे वीज जाते. तेवढ्यात मिराईसारखी मोटार शंभर-एकशेदहा किलोमीटर धावते, म्हणजे वाशीहून निघून जेमतेम पुण्याच्या वेशीपर्यंत. हीच साठ युनिटे थेट बॅटरीत भरली, तर भरतानाची गळती वजा जाता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. पुण्याला जाऊन परत यायचे आणि उरलेल्यात दोन-तीन दिवस ऑफिस गाठायचे. परतताना खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरला की पडद्यावरचा टक्का एक-दोनने वाढलेलाही दिसतो, कारण उतारावर मोटरच जनित्र बनते. हे इंधन घटाच्या मोटारीतही घडते, पण तिच्यातल्या छोट्या बॅटरीपुरतेच.

हायड्रोजन या परिसराला नवखा नाही. खाडीपलीकडे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि चेंबूरच्या खत कारखान्यात तो वर्षानुवर्षे वापरला जातो. तो प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतात आणि लागतो तिथेच बनवतात, म्हणून रस्त्यावर दिसत नाही. अशा हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारीला निर्मळ म्हणणे धाडसाचेच. अर्थात महावितरणची वीजही बरीचशी कोळशाची. बॅटरीवाल्यांनीही फार मिरवू नये.

बॅटरी मोटारीची अडचण रस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेरी आवृत्तीत ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. घरच्या सव्वातीन किलोवॅटच्या चार्जरवर ती रात्रभरात भरते, पण त्यासाठी स्वतःची जागा हवी, मीटरपासून तिथवर केबल हवी आणि सोसायटीची एनओसी हवी. खारघर, नेरूळच्या टॉवरांत हे जमते. कोपरखैरणे, घणसोलीतल्या सिडकोच्या लहान घरांत आणि गावठाणांत गाडी रस्त्यालाच लागते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून चालत नाही. झटपट भरणाऱ्या हायड्रोजनचा खरा उपयोग झाला असता तो या घरांना. त्यांना सध्या सार्वजनिक चार्जरचा आधार आहे. मॅजेंटा कंपनीने तुर्भ्यात २०२१ मध्ये सुरू केलेल्या केंद्रात २१ चार्जर होते: चार जलद, बाकीचे संथ.

सरकारी धोरणानेही दोन वाटा वेगळ्या केल्या आहेत. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतूवर विजेरी मोटारींना २२ ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी मिळाली. साध्या मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात, तेव्हा रोज सेतू ओलांडणाऱ्यासाठी ही रक्कम पेट्रोलच्या बचतीइतकीच बोलकी आहे. हायड्रोजनसाठी राज्याचे हरित हायड्रोजन धोरण जुलै २०२३ चे आहे. केंद्राच्या हरित हायड्रोजन मोहिमेतून मार्च २०२५ मध्ये वाहनांचे प्रयोग जाहीर झाले आणि मुंबई-पुणे परिसराचाही त्यांत समावेश आहे. मंजूर झालेली ३७ वाहने बस आणि ट्रक आहेत. खासगी मोटार त्यांत एकही नाही.